यंदापासून मी नाही

सुगी आटोपली की बेळगावच्या आसपासच्या खेड्यांत संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा, कुद्रेमानी. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात रविवार उजाडला की कुठे ना कुठे मराठी साहित्य संमेलनाचा मांडव उभा असतो. ग्रंथदिंडी, उद्घाटन, अध्यक्षीय भाषण, परिसंवाद, दुपारचं जेवण, कथाकथन आणि कविसंमेलन असा सगळा पसारा एका दिवसात बसवलेला. पुण्यामुंबईहून पहिल्यांदा आलेला पाहुणा गर्दी पाहूनच चकित होतो. डोक्यावर पदर घेतलेल्या शेतकरी बाया परिसंवाद मन लावून ऐकताना त्याने कधी पाहिलेल्या नसतात. मग तो भाषणात सीमाभागाच्या मराठीप्रेमाला वंदन करतो, शाल-श्रीफळ घेतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. मांडव कुणी घातला आणि रात्री गाद्या कुणी मोजून परत केल्या, हे त्याला कळायचं काही कारण नसतं.

हे सगळं करणारी माणसं कधी तरी थांबायचं म्हणतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या गावात एखाद्याने कार्यवाहपद सोडलं तर लोक म्हणतात, दमला बिचारा. सीमाभागात म्हणतात, पळाला.

खालचे दोघे मी जुळवलेले आहेत. कोण्या एका गावात त्यांना शोधू नये. अण्णा सत्तरी ओलांडलेले, सीमालढ्यात लाठ्या खाल्लेले, संमेलन समितीचे जुने खजिनदार. ताई मराठी शाळेत शिक्षिका, बरीच वर्षं संमेलनाच्या कार्यवाह. वाद मात्र जुळवलेला नाही, तो जागोजागी चालू आहे.

अण्णा: काय ऐकतोय मी? राजीनामा दिलात म्हणे.

ताई: दिला नाही अजून. लिहून ठेवलाय. आधी तुम्हाला दाखवावा म्हटलं.

अण्णा: म्हणजे मी फाडावा म्हणून.

ताई: फाडा की. दुसरा लिहीन. पोरांना शुद्धलेखन दोनदा लिहायला लावते, मला काय जड आहे?

अण्णा: चेष्टा नको. कुणी काही बोललं का? जमाखर्चावरून कुणी शंका घेतली असेल तर नाव सांगा, उद्याच्या उद्या पावतीपुस्तकं त्याच्यासमोर आपटतो.

ताई: कुणी काही बोललं नाही. रुसून चाललेय असं तुम्हाला वाटतंय, म्हणजे समजूत काढली की राहीन. तसं नाही. मला हे काम सोडायचंय आणि सोडताना ते नीट कुणाच्या तरी हातात द्यायचंय. एवढंच लिहिलंय त्या कागदावर.

अण्णा: एवढंच! ताई, आपण कुठे राहतो विसरलात का? पाटीवर साठ टक्के कन्नड पाहिजे असा कायदा असलेल्या राज्यात आपण मराठीचं संमेलन भरवतो. पंचायतीचा कागद मराठीत मिळत नाही. सातबाऱ्याचा उतारा वाचून घ्यायला माणूस शोधावा लागतो. वर्षातून एक दिवस गावातून ज्ञानेश्वरीची पालखी निघते, पोरी लेझीम खेळतात, तेवढ्या दिवसापुरतं वाटतं की आपलं गाव आपलं आहे. आणि तुम्ही म्हणता, सोडते.

ताई: मी मराठी सोडते असं म्हणाले का? कार्यवाहपद सोडते म्हणाले.

अण्णा: इथे ते एकच आहे.

ताई: तेच तर दुखणं आहे. संमेलन म्हणजे मराठी आणि कार्यवाह म्हणजे संमेलन, असं आपण करून ठेवलं. उद्या मला काही झालं, तर मराठी गेली म्हणून कळवणार का सगळ्यांना?

अण्णा: अभद्र बोलू नका.

ताई: अभद्र नाही, हिशेब सांगतेय. अध्यक्षांना फोन कुणी करायचा? ताई. मांडववाल्याची उधारी कुणाला माहीत? ताईला. कोणत्या कवीला मधुमेह आहे, कोण उपवास करतो, कुणाला कुणाशेजारी खोली द्यायची नाही, कविसंमेलनात कुणाला शेवटी ठेवलं तर तो पुढच्या वर्षी फोन उचलत नाही, हे सगळं माझ्या एका वहीत आहे. ती वही माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही, कारण घाईत लिहिलेलं माझं अक्षर. मास्तरीण असून! गेल्या साली मी तापाने पडले, तर समितीतले तिघे जण माझ्या खाटेभोवती बसून मला विचारत होते की स्वागतगीताच्या मुलींची गाडी कोणती. मला त्या दिवशी अभिमान वाटायला पाहिजे होता. भीती वाटली.

अण्णा: तुम्ही केलं म्हणून झालं, हे कोण नाकारतंय?

ताई: नाकारा थोडं. त्याने माझं घोडं गंगेत न्हाईल.

अण्णा: बरं, माझं ऐका. १९४६ साली बेळगावात साहित्य संमेलन भरलं. माडखोलकर अध्यक्ष. त्या मांडवात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. पुढचं सगळं आंदोलन, १०५ हुतात्मे, महाराष्ट्र राज्य, त्याची ठिणगी कुठे पडली? साहित्याच्या मांडवात. आणि महाराष्ट्र झाला तेव्हा बेळगाव बाहेरच राहिलं. ज्या गावात ठराव झाला तेच गाव बाहेर! म्हणून आम्ही मांडव सोडत नाही. २००४ पासून सीमाप्रश्नाचा खटला सर्वोच्च न्यायालयात आहे. तारीख लागेल तेव्हा लागेल. तोवर आपली तारीख आपण लावायची, दर वर्षी, न चुकता.

ताई: अण्णा, त्याच संमेलनाचा पुढचा हिशेब करा. अखिल भारतीय संमेलन बेळगावात किती वेळा झालं? १९२९ ला शिवरामपंत परांजपे अध्यक्ष होते. मग १९४६. मग २००० ला य. दि. फडके. मधली वर्षं ते दुसऱ्या गावांत होतं. दर खेपेला नवं गाव, नवी निमंत्रक संस्था, नवा स्वागताध्यक्ष. एकाच्या खांद्यावर कायमचं ओझं कुणी ठेवलं नाही. साहित्य महामंडळाचं बघा. १९६१ ला स्थापन झालं, तेव्हापासून त्याचं कार्यालय पुणे, मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आत्ताचं संभाजीनगर, या चार ठिकाणच्या संस्थांत फिरतं. तीन वर्षं झाली की दप्तर उचलायचं आणि पुढच्या गावाला पोचवायचं. भांडणं होतात, पण दप्तर हलतं. आपलं दप्तर माझ्या कपाटात आहे. साड्यांच्या खाली.

अण्णा: त्यांना सरकार अनुदान देतं. कोटीत. आपल्याला कोण देतं? आपण पावतीपुस्तक घेऊन शेंगा वाळत घातलेल्या अंगणात उभे राहतो, तेव्हा कुठे शंभराची नोट सुटते. ती नोट संमेलनाला मिळत नाही, ताई. ती तुमचं तोंड बघून मिळते. तुमच्या जागी उद्या एखादा पोरगा उभा राहिला तर म्हणतील, बघू, सुगीनंतर ये.

ताई: पहिल्या वर्षी मलाही तसंच म्हणाले होते. सुगीनंतर गेले, दिली.

अण्णा: आणि नाहीच कुणी उभं राहिलं तर?

ताई: तर एक वर्ष संमेलन होणार नाही.

अण्णा: बोललात! हेच ऐकायचं राहिलं होतं.

ताई: एक वर्ष, अण्णा. पहिलं ग्रंथकार संमेलन न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींनी पुण्यात भरवलं, ते १८७८ साली. दुसरं १८८५ ला. त्याचं बोलावणं जोतिराव फुल्यांनी पत्र लिहून नाकारलं, ते सोडा. तिसरं कधी? १९०५ ला, साताऱ्यात. वीस वर्षं संमेलनच नाही! आणि त्या वीस वर्षांत मराठीत काय झालं? केशवसुतांनी जवळजवळ सगळी कविता त्याच वीस वर्षांत लिहिली आणि १९०५ ला गेले. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्याच काळातली. आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ ला वारले, त्यांचे शिष्य देवल. देवलांचं ‘शारदा’ १८९९ चं. मांडव नव्हता म्हणून मराठी उपाशी मेली नाही.

इथे मला मध्ये तोंड घालायचं आहे. ताईंचा हा मुद्दा मला फार आवडतो आणि म्हणूनच त्याच्याकडे जरा संशयाने बघायला हवं. १८८५ ते १९०५ या काळात संमेलन नव्हतं, पण पुण्यात वसंत व्याख्यानमाला होती, ती १८७५ पासून रानड्यांनीच चालवलेली. ‘केसरी’ होता, ‘करमणूक’ होतं, नाटक कंपन्या गावोगाव फिरत होत्या. मराठी माणसाला चारचौघांत मराठी ऐकायला मिळण्याच्या दहा जागा होत्या, त्यांतली एक रिकामी राहिली. बेळगावपासून बारा-पंधरा किलोमीटरवरच्या खेड्यात अशा जागा किती आहेत? वाचनालय असलं तर दोन तास उघडतं. शाळेचा पट घसरतोय. तिथे संमेलनाची जागा रिकामी राहिली तर तिच्या शेजारी दुसरं काही भरलेलं नाही. केशवसुतांचा दाखला पुण्याला लागू पडतो, खेड्याला नाही. अण्णांना इतिहास ताईंएवढा पाठ नाही, पण त्यांनी दिलेलं उत्तर माझ्या उत्तरापेक्षा बरं होतं, कारण ते कागदपत्रांचं होतं.

अण्णा: केशवसुतांना पोलीस परवानगी काढावी लागत नव्हती.

ताई: म्हणजे?

अण्णा: आपण अर्ज करतो तेव्हा त्याला काय काय जोडतो? पंचायतीचं पत्र, ध्वनिक्षेपकाचा अर्ज, पाहुण्यांची यादी. पण त्या सगळ्यात वजनदार कागद कोणता? गेल्या वर्षीची परवानगी. साहेब बदलतात. नवा साहेब विचारतो, हे काय आहे, कशाला पाहिजे? आपण म्हणतो, साहेब, दर वर्षी होतं, हा बघा मागचा शिक्का. तो शिक्का बघून नवा साहेब सही करतो, कारण बंद पाडणारा पहिला माणूस व्हायचं त्याच्याही जिवावर येतं. एक वर्ष खाडा पडला की साखळी तुटली. मग आपला अर्ज नवा अर्ज. नव्या अर्जाला हजार प्रश्न. सीमाप्रश्नावर बोलणार का, महाराष्ट्रातून कोण येणार, ठराव करणार का. तुम्ही म्हणता एक वर्ष. ते एक वर्ष भरून काढायला पाच जातील.

ताई: …हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

अण्णा: मैदानाचंही तेच. हा रविवार आपला म्हणून गावाने सोडलेला आहे. सोडा एक साल, तिथे क्रिकेटच्या स्पर्धा लागतील, मग काढा त्यांना बाहेर.

ताई: खाडा नको, हे मानलं. पण माणूस बदलायला पाहिजे, हे तुम्ही मानता का?

अण्णा: माणूस आहे कुठे? पोरं येतात का बैठकीला?

ताई: बैठक कधी असते?

अण्णा: मंगळवारी. चार वाजता. नेहमीचीच.

ताई: मंगळवारी चार वाजता कोण रिकामं असतं? तुम्ही, पेन्शनर. मी, शाळा सुटल्यावर धावत. आणि दोघे किराणा दुकानदार, ते मुलाला गल्ल्यावर बसवून येतात. गावातली तरणी पोरं उद्यमबागेत फाउंड्रीत आणि मशीन शॉपमध्ये शिफ्टला आहेत. पोरी शहरात नर्सिंगला, कॉल सेंटरला. मंगळवारी चारला त्यांनी यायचं कसं? आणि मग आपण इतिवृत्तात लिहितो, “तरुणांचा सहभाग वाढवण्याबाबत चर्चा झाली.” दर वर्षी लिहितो. मीच लिहिते.

अण्णा: वेळ बदलू. पण त्यांना गोडी पाहिजे की नको?

ताई: गोडी होती. मागे चार पोरं आली होती, आठवतं? त्यांनी एक सत्र सुचवलं होतं, मराठी आणि कन्नड कवी एकत्र वाचतील असं.

अण्णा: आठवतं. मी नको म्हटलं. आजही म्हणेन. आपण ज्यासाठी मार खाल्ला…

ताई: मार तुम्ही खाल्लात. त्यांनी नाही. त्यांचा मित्र कन्नड आहे, एका डब्यातून खातात, एका मशीनवर काम करतात. त्या मित्राची कविता मराठीत आणून वाचावी असं त्यातल्या एकाला वाटलं. तुम्ही म्हणालात, हे व्यासपीठ त्यासाठी नाही. पोरं ‘बरं’ म्हणाली आणि परत आली नाहीत. भांडलीसुद्धा नाहीत. भांडली असती तर टिकली असती.

अण्णा: माझं चुकलं असं म्हणायचंय का?

ताई: मी तिथेच बसले होते, मूग गिळून. तुमच्या पुढे बोलायची भीड. पण द. रा. बेंद्रे कोण हो? धारवाडचे. घरची भाषा मराठी, कविता कन्नड, ज्ञानपीठ कन्नडसाठी. ते आपल्या मांडवात आले असते तर त्यांनाही कविकट्ट्यावर तीन मिनिटं देऊन बसवलं असतं का आपण?

अण्णा: बेंद्र्यांचं नाव घेऊन मला गप्प करू नका. बेंद्रे ज्या काळात लिहीत होते तेव्हा दोन भाषांचा शेजार होता. आता एकीच्या मागे सरकार आहे आणि दुसरीच्या मागे तुम्ही-आम्ही. एका ताटात बसायला दोघांची ताटं सारखी पाहिजेत. त्या पोरांना हे कळत नाही, कारण त्यांना त्यांच्या बापांनी सांगितलं नाही. तुम्ही म्हणता तो मित्र चांगला असेल. मी त्या मित्राबद्दल बोलत नाही. मी फोटोबद्दल बोलतो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येईल आणि खाली ओळ येईल की सीमाभागात आता सगळं आलबेल. मग तो फोटो कोण कुठे लावेल, ते तुम्हाला ठाऊक आहे.

(अण्णांचा हा युक्तिवाद मला पटत नाही. त्यात अर्थ नाही असं मात्र मी म्हणणार नाही. सत्र घ्यायचं की नाही हा प्रश्न त्या पोरांनी, अण्णांना समोर बसवून, मध्यरात्रीपर्यंत भांडून सोडवायला हवा होता. समितीने तो पाच मिनिटांत सोडवला.)

ताई: ठीक आहे, यावर आपलं जमणार नाही. पण हा निर्णय पुढची तीस वर्षं तुम्ही घेणार नाही आणि मीही घेणार नाही. जे घेणार आहेत त्यांना आत्ता आत घेतलं नाही, तर ते बाहेरून घेतील. किंवा घेणारच नाहीत.

अण्णा: सल्लागार म्हणून तरी राहाल ना?

ताई: नाही.

अण्णा: अहो, नुसतं नाव. कार्यक्रमपत्रिकेत.

ताई: सल्लागार म्हणजे किल्ल्या सुनेला देऊन स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसलेली सासू. मी तिथे बसले तर नवा कार्यवाह मांडववाल्याशी बोलेपर्यंत मांडववाला माझ्याकडे बघेल. दर ठरेल माझ्याशी. वर्ष संपेल तेव्हा त्या पोराला कळेल की आपण फक्त निरोप्याचं काम केलं.

अण्णा: मग सगळं वाऱ्यावर सोडायचं?

ताई: नाही. माझा भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. त्याने एक गोष्ट सांगितली. १९९९ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला रस्टी रसेल नावाच्या एका माणसाने लिनक्सवाल्यांची परिषद भरवली. पैसे नव्हते, स्वतःच्या क्रेडिट कार्डावर खर्च केला.

अण्णा: आपल्यासारखाच म्हणायचा. पदरमोड.

ताई: पदरमोड सारखी, पुढचं वेगळं. पुढची परिषद २००१ ला सिडनीला, दुसऱ्याच मंडळींनी भरवली. मग ब्रिस्बेन, मग पर्थ, मग अ‍ॅडलेड. दर खेपेला नवं गाव, नवी माणसं, सगळे फुकट राबणारे. आणि त्यांची एक रीत होती. आधीच्या वर्षांचे आयोजक नव्या आयोजकांबरोबर बसायचे आणि आपल्या वेळी काय काय फसलं, कुठे पैसे बुडाले, कोणत्या गोष्टीला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ लागला, ते सगळं सांगून टाकायचे. त्या जुन्या लोकांना काय म्हणायचे माहितेय? भुतं.

अण्णा: भुतं?

ताई: भुतं. म्हणजे बोलायचं, घाबरवायचं आणि नाहीसं व्हायचं. कुठल्या कागदावर सही करायची नाही.

अण्णा: हे बरं आहे. मला आत्ताच करा भूत. आणि ती परिषद अजून भरते?

ताई: त्या नावाने शेवटची २०२२ ला. पुढच्या वर्षीपासून दुसरं नाव घेऊन भरायला लागली.

अण्णा: म्हणजे नाव गेलंच की!

ताई: नाव गेलं. वीस-बावीस वर्षांनी गेलं, आणि काम दुसऱ्या नावाने चालू राहिलं. मला चालेल. आपल्या संमेलनाचं पुढे कुणी नाव बदललं आणि संमेलन होत राहिलं, तर मी खुर्चीवर बसून ऐकायला येईन.

अण्णा: मला नाही चालणार.

ताई: माहीत आहे.

अण्णा: बरं, बोला. तुमच्या डोक्यात काय आहे ते सांगा. मी होकार दिला असं समजू नका.

ताई: वही मी उतरवून काढलीय, सुवाच्य अक्षरात. पाहुण्यांचे नंबर, उधाऱ्या, कुणाकडे किती सतरंज्या, सगळं. बँकेत तिघांच्या सह्या आहेत, त्यात माझ्या जागी नवं नाव घालायचा ठराव करायचा. सूचक तुम्ही व्हा.

अण्णा: मी सूचक! माझ्याच हाताने?

ताई: तुमच्या हाताने झालं तर गाव मानेल. दुसऱ्या कुणी सुचवलं तर म्हणतील, ताईला काढली.

अण्णा: आणि यंदाचं संमेलन? नव्या पोराला पहिल्याच वर्षी एवढा मांडव झेपणार नाही. पडला तोंडावर तर तो पुन्हा फिरकणार नाही, आणि दुसराही कुणी येणार नाही.

ताई: म्हणून म्हणत होते, एक वर्ष…

अण्णा: खाडा नाही! शिक्का पाहिजे. असं करू. यंदा मांडव नको. शाळेचं सभागृह घ्यायचं, मैदानाच्या बाजूचं. दिंडी मात्र काढायची, त्याच रस्त्याने, त्याच रविवारी. एक परिसंवाद आणि कविसंमेलन. पाहुणा एकच, जवळचा, राहायला न लागणारा. जेवण केटररकडून नको; पूर्वी घरटी पाच भाकऱ्या गोळा करायचो तशा करू, आमटी शाळेच्या चुलीवर. निम्म्या खर्चात होतं. परवानगीची साखळी राहते, मैदानावरचा हक्क राहतो आणि पोराच्या अंगावर ओझं कमी.

ताई: हे तुम्हाला सुचलं?

अण्णा: भूत झालोय ना. सुचायला लागलं.

ताई: पण मग लोक म्हणतील, संमेलन छोटं झालं. ताई गेली आणि रया गेली.

अण्णा: म्हणू देत. तुम्हीच म्हणालात ना, थोडं नाकारा म्हणून? पण मलाही एक शंका आहे. मराठीला अभिजात दर्जा मिळाला, दिल्लीत ताराबाई भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली एवढं मोठं संमेलन झालं, आणि आपण सभागृहात पन्नास खुर्च्या मांडून बसायचं? आपल्याच माणसांना काय वाटेल?

ताई: दर्जा दिल्लीत मिळतो, खुर्च्या इथे मांडाव्या लागतात. पन्नास मांडल्या आणि साठ आले तर दहा जण उभे राहतील. बाराशे मांडून चारशे रिकाम्या राहिल्या होत्या, ते दिसलं नाही का तुम्हाला?

अण्णा: दिसलं होतं. बोललो नाही.

ताई: मीही नाही.

अण्णा: बरं, पोरगा कोण?

ताई: दोघे आहेत. एक फाउंड्रीतला, तोच, कन्नड मित्रवाला. दुसरी माझी जुनी विद्यार्थिनी, बेळगावात पतसंस्थेत लागलीय. हिशेब ती बघेल. तुम्हाला तिला शिकवावं लागेल.

अण्णा: तोच पोरगा?

ताई: तोच.

अण्णा: ते कन्नडचं सत्र पुन्हा काढेल तो.

ताई: काढेल. तुम्ही विरोध करा. बैठकीत, तोंडावर. पण बैठकीला त्याला येता आलं पाहिजे.

यानंतर दोघे ठरावाच्या भाषेवर बराच वेळ अडले. अण्णांना “प्रकृतीच्या कारणास्तव” हवं होतं, ताईंनी ते खोडलं; प्रकृती ठणठणीत आहे म्हणाल्या. शेवटी नुसतं “कार्यवाहपदावरून मुक्त होत आहेत” असं राहिलं.

माझं मत सांगायचं तर ताईंनी पद सोडावं आणि सल्लागारपदही घेऊ नये, इथवर मी त्यांच्या बाजूचा आहे. एक वर्ष रिकामं जाऊ देण्याची त्यांची तयारी मात्र सीमाभागात परवडणारी नव्हती, तिथे अण्णा बरोबर होते. कन्नड सत्राबद्दल अण्णा चुकत आहेत, आणि त्यांना ते पटवण्याचं काम ताईंचं नव्हे, त्या पोराचं आहे. संमेलन लहान झाल्याने मराठीचं काय होईल, याची काळजी मला वाटत नाही. कार्यवाह तीच, खजिनदार तोच आणि बैठकीची वेळ तीच राहिली असती, तर वाटली असती.

पुढची बैठक रविवारी रात्री साडेआठला ठेवली आहे, दुसरी शिफ्ट नसते तेव्हा. तुमच्या गावात संमेलन, व्याख्यानमाला, गणेशोत्सव, काहीही होत असेल आणि तरुण येत नाहीत अशी तक्रार असेल, तर समितीची बैठक कोणत्या वारी आणि किती वाजता असते, एवढं आधी विचारून पाहा.